निवेदक कोठें गेला?

एखाद्या प्रसिद्ध ग्रंथावरून रचलेली दूरदर्शनमालिका पाहून झाली म्हणजे सुशिक्षित घरांत एक वाद ठराविक क्रमानें सुरू होतो. ज्यानें मूळ पुस्तक वाचलेलें असतें तो बोटांवर मोजून सांगूं लागतो कीं, अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्राचें वय बदललें, शेवट तर साफच निराळा केला. ज्यानें तें वाचलेलें नसतें तो म्हणतो, तें कांहींहि असो, आम्हांला मालिका आवडली. पहिला पक्ष ग्रंथाचा वकील होतो, दुसरा पडद्याचा. आणि दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलत असल्यामुळें वादाचा निकाल कधींच लागत नाहीं.

आमच्या मतें याचें कारण असें कीं, वादाचा मुद्दाच भलत्या जागीं मांडलेला असतो. किती प्रसंग राखले आणि किती टाकले हा हिशेब करणें सोपें आहे. पण त्यावरून मालिकेची योग्यता ठरत नाहीं. कथानक हें गांठोड्यासारखें असतें. तें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देतां येतें. जो सहसा देतां येत नाहीं तो निवेदक. निवेदक म्हणजे ग्रंथांत कथा सांगणारा आवाज. कधीं तो 'मी' म्हणून उघडपणें पुढें येतो, कधीं पडद्याआड राहतो. परंतु त्याचें मत, त्याचें हसूं, त्याची शंका हीं प्रत्येक वाक्यांत मुरलेलीं असतात. 'रामभाऊ घाईघाईनें घरांत शिरले' हें एक वाक्य घ्या, आणि 'रामभाऊ नेहमींप्रमाणें घाईघाईनें घरांत शिरले' हें दुसरें घ्या. घाई कॅमेऱ्याला दाखवितां येईल. पण त्या एका 'नेहमींप्रमाणें'नें सांगणारा जो गालांतल्या गालांत हसला, तें हसूं कॅमेरा कोठून आणणार? ग्रंथाची गोडी पुष्कळदां अशा एकेका शब्दावर उभी असते, आणि पडद्यावर जातांना पहिला बळी त्याच शब्दाचा पडतो.

म्हणून मालिका निवडणाऱ्या गृहस्थानें एकच प्रश्न विचारावा असें आम्ही सुचवितों: मूळ ग्रंथांतील निवेदक कोठें गेला, आणि त्याच्या रिकाम्या आसनावर कोण येऊन बसला? हा प्रश्न मनांत ठेवून कांहीं परिचित मालिकांकडे पाहूं.

आरंभ आपल्या घरच्याच उदाहरणानें करूं. चिं. वि. जोशी यांचें 'चिमणरावांचें चऱ्हाट' १९३३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. त्यानंतर सातच वर्षांनीं मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावें करून' या बोलपटांत दामूअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग या जोडीनें चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणलें. पुढें १९७२ मध्यें मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धांत या केंद्रानें चिमणरावांची मालिका केली. तींत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले व बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. ज्यांनीं ती तेव्हां पाहिली त्यांच्या मनांत चिमणरावांचा चेहरा म्हणून प्रभावळकरांचाच चेहरा कायमचा बसला आहे.

परंतु पुस्तकांतल्या विनोदाचें मर्म कशांत आहे? तें चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतात यांत आहे. आपण मोठें शहाणपण केलें, प्रपंचदक्ष माणसानें दुसरें करावयाचें तरी काय, अशा गंभीर समजुतीनें ते लिहीत जातात. आणि सांगणाऱ्याला जें कळलेलें नाहीं तें वाचणाऱ्याला कळत जातें. पुस्तकांत चिमणराव दोन आहेत: एक प्रसंगांत सांपडलेला, दुसरा मागाहून त्याची हकीगत तृप्तपणें लिहिणारा, आणि वाचकाचें हसूं या दोघांमधल्या फटींतून उमटतें. पडद्यावर पहिला चिमणराव तेवढा उरतो. कॅमेरा त्याला बाहेरून पाहतो. त्यामुळें आपण हास्यास्पद आहों हें ज्याला ठाऊक नाहीं असा माणूस नुसता हास्यास्पद माणूस होऊन बसण्याचा मोठा धोका तेथें होता. प्रभावळकरांनीं तो टाळला, कारण त्यांनीं हसविण्याचा प्रयत्नच केला नाहीं. तोंडघशीं पडत असतांनाहि आपण जबाबदार गृहस्थ आहों ही श्रद्धा त्यांच्या मुद्रेवरून ढळत नसे. लेखणीतलें गांभीर्य त्यांनीं चेहऱ्यावर आणलें. वाक्यें गेलीं, पण वाक्यांचें काम करणारें दुसरें कांहीं तरी त्या जागीं आलें. आणि यशस्वी रूपांतर याहून निराळें नसतें.

नटाच्या मुद्रेवर हें काम सोंपविणें ही एक रीत झाली. निवेदकाला सदेह पडद्यावर आणून बसविणें ही दुसरी. श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही त्रेपन्न भागांची मालिका १९८८ सालीं सुरू झाली. पंडित नेहरूंनीं मूळ ग्रंथ १९४४ सालीं तेव्हांच्या अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत लिहिला, आणि तो १९४६ मध्यें प्रसिद्ध झाला. बेनेगल यांनीं रोशन सेठ या नटाला नेहरू करून मधून मधून प्रेक्षकांशीं बोलावयास लावलें. यामुळें एक मोठी गोष्ट साधली. पडद्यावर दिसतो तो इतिहास म्हणजे एका विशिष्ट माणसानें विशिष्ट परिस्थितींत केलेला विचार आहे, याची आठवण सुटत नाहीं. आणि आठवण राहिली म्हणजे त्या विचाराशीं मतभेद करण्याचें स्वातंत्र्यहि प्रेक्षकाला राहतें.

हें स्वातंत्र्य किती मोलाचें आहे तें बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारता'शीं तुलना केली म्हणजे ध्यानांत येईल. १९८८ ते १९९० या काळांत चौऱ्याण्णव भागांत दाखविल्या गेलेल्या या मालिकेची पटकथा राही मासूम रझा यांनीं लिहिली, आणि निवेदकाच्या जागीं त्यांनीं साक्षात् काळाला आणून बसविलें. कल्पना भव्य होती, आणि हरीश भिमाणी यांच्या आवाजानें तिला शोभाहि आली. परंतु व्यासांच्या ग्रंथांत कथा सांगण्याची व्यवस्था अगदीं निराळी आहे. तेथें वैशंपायन जनमेजयाला कथा सांगतो, आणि ती ऐकून आलेला सौति नैमिषारण्यांत शौनकादि ऋषींना ती पुन्हां सांगतो. म्हणजे प्रत्येक सांगणाऱ्यासमोर एक ऐकणारा बसलेला आहे. आणि जनमेजय तर ज्यांची कथा चालली आहे त्यांचाच वंशज. तो मधून मधून थांबवितो, विचारतो, हें असें कां झालें. मालिकेंतल्या काळासमोर कोणीहि बसलेलें नाहीं. त्याला थांबवून प्रश्न विचारणारा नसल्यामुळें तो हळूहळू उपदेश करूं लागतो. आणि मूळ ग्रंथाचा जो सर्वांत मोठा गुण, धर्म काय हें शेवटपर्यंत सोपें न करण्याचा, तो त्या उपदेशांत पातळ होतो. प्रसंगांच्या बाबतींत मालिका पुष्कळच प्रामाणिक आहे. उणीव आहे ती श्रोत्याची. मुलांसमवेत ती पाहणाऱ्या वडील माणसांनीं जनमेजयाचें रिकामें आसन आपण घेतलें, आणि मधून मधून 'हें योग्य झालें कां?' असें विचारलें, तर ही उणीव घरच्या घरीं भरून निघेल.

तिसरी रीत या दोहोंहून सूक्ष्म आहे, आणि तिचें उत्तम उदाहरण म्हणजे शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' ही १९८६-८७ मधील मालिका. आर. के. नारायण यांनीं मालगुडी हें कल्पित गांव १९३५ सालच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या आपल्या पहिल्या कादंबरींत प्रथम वसविलें. त्यांचा निवेदक शांत आहे. तो पात्रांची टर उडवीत नाहीं कीं त्यांची कींवहि करीत नाहीं. बाप स्वामीला गणित घालतो: रामापाशीं दहा आंबे आहेत, ते विकून त्याला पंधरा आणे मिळवावयाचे आहेत, कृष्णाला चारच हवे आहेत, तर त्यानें द्यावयाचें काय? आणि मुलाच्या मनांत येतें कीं, आंबे पिकले होते कां? हा विचार नारायण अगदीं सरळ स्वरांत सांगतात, जणूं तोच या उदाहरणांतला खरा प्रश्न आहे. असल्या मनांतल्या गोष्टी पडद्यावर आणावयाच्या कशा?

शंकर नाग यांनीं तो स्वर माणसांच्या तोंडीं न घालतां जागेच्या स्वाधीन केला. कर्नाटकांतील आगुंबें या सह्याद्रींतल्या लहानशा गांवीं त्यांनीं चित्रण केलें. प्रारंभीं नारायण यांचे बंधु आर. के. लक्ष्मण यांचीं रेखाचित्रें आणि एल. वैद्यनाथन् यांचें संगीत, आणि मग कौलारू घरें, ओटे, रिकामा रस्ता, कोणालाहि घाई नसलेला दिवस. चोखंदळ वाचक म्हणेल कीं, पुस्तकांतलें मालगुडी सरयू नदीच्या कांठचें, त्याचा या घनदाट पावसाळी मुलुखाशीं काय संबंध? आक्षेप खरा आहे, पण तो भूगोलाचा आहे. जेथें प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, आणि म्हणून कोणाचीहि लबाडी फार मोठी होऊं शकत नाहीं कीं कोणाचें दुःख अगदीं एकटें राहत नाहीं, असें गांव नारायण यांच्या निवेदकाच्या मनांत होतें; आणि तें गांव पडद्यावर आलें आहे. शिवाय पात्रें हिंदी बोलूं लागल्यामुळें इंग्रजी वाक्यांतला थोडा परकेपणाहि गळून पडला, हा वर लाभच झाला.

याच लेखकाच्या दुसऱ्या एका कृतीचें काय झालें तें यासमोर ठेवावें. 'द गाइड' ही कादंबरी १९५८ ची, आणि विजय आनंद यांचा 'गाइड' हा चित्रपट १९६५ चा. तो मालिका नव्हे. पण आपल्या प्रश्नाला तो फार उपयोगी आहे. कादंबरींत अर्धी कथा राजू स्वतः वेलन या खेडुताला सांगतो, आणि अर्धी लेखक सांगतो. शेवटीं उपोषणानें खंगलेला राजू नदीच्या पात्रांत उभा राहून म्हणतो कीं, डोंगरांत पाऊस पडतो आहे. आणि तो खालीं बसत जातो. पाऊस खरोखरच आला कीं नाहीं, हें निवेदक सांगत नाहीं. ढोंगी माणूस अखेरीस खरा साधु झाला कीं नाहीं, हा सगळा प्रश्न त्या न सांगण्यावर लोंबकळत ठेवलेला आहे. चित्रपटांत पाऊस येतो. एकदां तो धो धो कोसळला म्हणजे प्रश्नच उरला नाहीं. देवानेंच निकाल देऊन टाकला. आपलें लहानसें मालगुडी सोडून चित्रपट राजस्थानांतल्या भव्य स्थळीं गेला याबद्दल नारायण यांनीं पुढें आपली नाराजी लेख लिहून व्यक्त केली. आमच्या दृष्टीनें स्थळापेक्षांहि हा पाऊस अधिक महत्त्वाचा आहे. लेखणीला मौन पाळतां येतें. कॅमेऱ्याला तें फार कठीण जातें, कारण त्याला कांहीं तरी दाखवावेंच लागतें. ग्रंथ आणि पडदा यांतला सर्वांत खोल भेद हाच असावा.

या भेदाची किंमत केवळ रसिकतेपुरती नसते; कधीं कधीं ती नीतीच्या प्रश्नाला जाऊन भिडते. भीष्म साहनी यांची 'तमस' ही हिंदी कादंबरी, आणि तिच्यावरून गोविंद निहलानी यांनीं केलेली १९८८ सालची मालिका, हें त्याचें ठळक उदाहरण होय. कादंबरींत फाळणीपूर्वीं पंजाबांत उसळलेल्या दंग्यांचें चित्र आहे. साहनी स्वतः रावळपिंडीचे. परंतु त्या जुन्या आठवणी जाग्या झाल्या त्या महाराष्ट्रांत. १९७० च्या दंग्यानंतर ते आपले बंधु बलराज साहनी यांच्यासमवेत भिवंडीस गेले, तेथील उजाड गल्ल्या त्यांनीं पाहिल्या, आणि त्यांतून पुढें या कादंबरीचें लेखन सुरू झालें. मालिका दाखविली जाऊं नये म्हणून लोक न्यायालयांत गेले, तेंहि मुंबईसच. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीं ती स्वतः पाहून अनुकूल निकाल दिला, आणि १६ फेब्रुवारी १९८८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ती थांबविण्याची मागणी फेटाळली.

कथेचा आरंभ दोहोंकडे एकच. मेलेल्या जनावरांचीं कातडीं सोलणाऱ्या नथूला मुराद अली पांच रुपये देतो आणि एक डुक्कर मारून घेतो. तें कशासाठीं हें नथूला ठाऊक नसतें. दुसऱ्या दिवशीं तें कलेवर मशिदीच्या पायऱ्यांवर सांपडतें आणि शहर पेटतें. यापुढें वाटा फुटतात. कादंबरीचा निवेदक नथूला लवकरच सोडून देतो. तो दुसऱ्या माणसांकडे, दुसऱ्या मोहल्ल्यांकडे, दुसऱ्या खेड्यांकडे जातो, आणि कोणालाहि नायक होऊं देत नाहीं. आग लावण्यासाठीं ज्याचा हात वापरला तो माणूस आगींत कोठें नाहींसा झाला याची कोणाला दादहि नसते. शेवटीं शांतता समितीची मोटार निघते, आणि तींत पुढें बसून ऐक्याच्या घोषणा देत असतो तो मुराद अली. नथू असता तर त्यानें त्याला ओळखलें असतें. पण तो मेलेला आहे. दंगा कोणी केला या प्रश्नाचें उत्तर वाचकाच्या हातीं असें थंडपणें ठेवून निवेदक निघून जातो.

मालिकेनें नथूला सोडलें नाहीं. ओम पुरी यांनीं उभा केलेला हा नथू आपल्या गरोदर बायकोसह घर सोडून निघतो, आणि हरनामसिंग व बंतो या वृद्ध दांपत्याशीं त्यांची गांठ पडते. अखेर निर्वासितांच्या छावणींत होते; नथू गेलेला आहे, त्याची बायको प्रसूत होते, आणि नवजात मुलाच्या रडण्यावर बाहेरच्या परस्परविरोधी घोषणांचा आवाज चढतो. हरनामसिंगाचें काम स्वतः भीष्म साहनींनीं केलें आहे. तेव्हां या बदलाला मूळ लेखकाचीच संमति होती असें समजण्यास हरकत नाहीं.

बदल समजण्यासारखा आहे. पडद्यावर प्रेक्षकाला सोबतीला एक चेहरा लागतो. शंभर माणसांचें दुःख त्याला एका माणसाच्या द्वारें पोहोंचवावें लागतें. ओम पुरी व दीपा साही यांच्यामुळें तें पोहोंचलें, आणि कादंबरी ज्यांच्या हातीं कधींहि पडली नसती अशा असंख्य घरांत पोहोंचलें. तरीहि हा शेवट आम्हांला पुरता पटत नाहीं. नथूच्या मागोमाग गेलेला प्रेक्षक अखेरीस त्याच्यासाठीं रडतो, आणि रडून झाल्यावर त्याचें मन हलकें होतें. कादंबरी मन हलकें होऊं देत नाहीं. ती शेवटीं आपली दृष्टि बळी पडलेल्यावरून काढून पांच रुपये देणाऱ्यावर नेऊन ठेवते. करुणा उदात्त खरी. पण दंग्याच्या कथेंत करुणेहून चौकशी अधिक गरजेची असते. करुणा आपल्याला रडणाऱ्यांच्या बाजूला नेऊन बसविते. चौकशी विचारते कीं, शांततेच्या मोटारींत पुढच्या जागेवर कोण बसला आहे, आणि त्याला तेथें बसूं देणारांत आपणहि होतों कीं काय.

येथवर ज्या मालिका पाहिल्या त्या सर्वांत निवेदकाच्या जागीं कोणी ना कोणी आलेलें आहे. बरें कीं वाईट हा पुढचा प्रश्न. कित्येकदां मात्र ती जागा रिकामीच राहते. विक्रम सेठ यांची 'अ सुटेबल बॉय' ही कादंबरी १९९३ मध्यें प्रसिद्ध झाली तेव्हां तिचीं पृष्ठें १३४९ होतीं. २०२० सालीं मीरा नायर यांनीं अँड्र्यू डेव्हिस यांच्या पटकथेवरून तिची सहा भागांची मालिका केली. चित्रण देखणें आहे, तब्बू यांची सईदाबाई मनांत राहते. परंतु सेठ यांचा निवेदक जितक्या जिव्हाळ्यानें लताच्या विवाहाची चर्चा करतो तितक्याच जिव्हाळ्यानें जमीनदारी नष्ट करणाऱ्या कायद्याची आणि जोडे शिवण्याच्या धंद्याचीहि करतो. त्याला कोणतीच गोष्ट क्षुल्लक वाटत नाहीं. हा सहनशील कुतूहलाचा स्वर हाच त्या कादंबरीचा आत्मा होय. मालिकेंत प्रेमकथा पुढें आली आणि बाकीचें सारें देखाव्यासारखें मागें उभें राहिलें. प्रसंगांची यादी केली तर मुख्य प्रसंग सारे जागच्या जागीं सांपडतील. कादंबरी मात्र सांपडणार नाहीं.

कोणी म्हणेल, पडदा ही स्वतंत्र कला आहे, तिनें ग्रंथाची ताबेदारी कां पत्करावी? पत्करूं नये, हेंच आमचेंहि म्हणणें आहे. आम्ही मागतों ती ताबेदारी नसून मोबदला आहे. निवेदकाला काढा, पण तो जें काम करीत होता तें कोणावर तरी सोंपवा. चिमणरावांच्या मालिकेनें तें नटाच्या मुद्रेवर सोंपविलें, मालगुडीनें गांवावर. जेथें तें कोणावरच सोंपविलेलें नाहीं तेथें ग्रंथाचें नांव तेवढें वापरलें गेलें असें समजावें.

तेव्हां शिफारस करावयाची ती अशी. मुलांना 'मालगुडी' निःशंकपणें दाखवावी. तिच्यानंतर पुस्तक वाचलें तरी पुस्तकाची हानि होत नाहीं. 'भारत एक खोज' वाढत्या वयाच्या मुलांबरोबर बसून पाहावी, आणि पडद्यावरील नेहरूंशीं खुशाल वाद घालावा. 'महाभारत' पाहतांना श्रोत्याचें काम आपण करावें. 'तमस' प्रौढांनीं पाहावी, मात्र आधीं कादंबरी वाचून. कारण मालिका आधीं पाहिली तर नथूचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाहीं आणि मुराद अलीकडे लक्ष जात नाहीं. सेठ यांची कादंबरीच वाचावी. सवड नसेल तर सवड होईपर्यंत थांबावें.

आणि चिमणराव? ते घरांत कोणीतरी मोठ्यानें वाचून दाखवावे. वाचणाऱ्यानें हसूं नये, एवढें पथ्य पाळलें म्हणजे पुरे. पडद्यावर जातांना जो निवेदक हरवतो, तो एरवीं आपल्याच घरांतल्या कोणाच्या तरी आवाजांत सुखरूप असतो. त्याला बोलता ठेवणें मात्र आपल्याकडे आहे.